लाल लागला का?

१२ जानेवारी

टिल्लू,

‘चिरंजीव’ लिहायला पेन टेकवलं होतं. मग आठवलं की तुझी चाळिशी उलटली आहे आणि मामाच्या म्हणण्याप्रमाणे डोक्यावर मैदान झालंय. तेव्हा नुसतंच टिल्लू.

तुझं कार्ड मिळालं. बाबा गेल्यावर घर रिकामं केलं, त्या दिवसापासून आपण एकमेकांना एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि आता कार्ड येतं तर त्यात काय? ‘आपल्याकडे होता तसाच व्हिडिओ कॅमेरा इथे जुन्या सामानाच्या दुकानात आहे. घ्यावा का? गुणदोष कळव.’ बस. ना ताई कशी आहेस, ना मी बरा आहे. मी दोनदा पत्ता बघितला. वाटलं, दुसऱ्या कुणाचं कार्ड माझ्या पेटीत पडलंय. अरे, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तू. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली की तुला बोलावतात, आणि तळहाताएवढ्या यंत्राबद्दल तू मला विचारतोस?

पण विचारलंसच तर ऐक. दोष काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. बाटल्या भरण्याच्या त्याच कारखान्यात मी अजून आहे. मागे पांढरा दिवा, पुढून पट्ट्यावर बाटल्यांची रांग, आणि तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली, तोंडाचा टवका उडालेली दिसली की उचलायची. आयुष्य त्यात गेलं. आता मात्र मला बढती मिळाली आहे. लेबलांच्या गोदामात बसते. शांत खोली, स्वतःची खुर्ची, खिडकीसुद्धा आहे.

तर कॅमेरा. आपला जुना टेबलावर समोर ठेवूनच लिहितेय.

हातात छान बसतो. बाजूच्या पट्ट्यात बोटं सरकवली की पडायची भीती नाही. (आईने पहिल्याच आठवड्यात स्टुलावरून पाडला, कारण तिला तो पट्टा हात पुसायचा वाटला. ती यंत्राची चूक नव्हे.) झूम जबरदस्त. आपल्या गॅलरीतून समोरच्या इमारतीतल्या शिंप्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसायचं, आणि आई ते मोठ्यांदा सांगायची, आणि बाबा आत पळायचे. रंग चांगले, फक्त लाल जरा जास्तच लाल. चालवायला अक्कल लागत नाही, एका बोटाने चालू, त्याच बोटाने बंद. माहितीचं पुस्तक बाबांनी पाठ केलं आणि कॅमेरा वापरला आईने, यातच काय ते आलं.

आता दोष. बॅटरी. नवी होती तेव्हासुद्धा आईचं एक वाक्य पुरं होईपर्यंत टिकायची नाही. आता तर ती गेलीच, तार लावूनच चालवावा लागतो, आणि तार इतकी आखूड की भिंतीला चिकटून बसावं लागतं. उजेड कमी झाला की चित्रात मुंग्या येतात. घरातल्या संध्याकाळी त्यात नीट आल्याच नाहीत.

आवाजाचं तर विचारूच नकोस. जो धरतो त्याचाच आवाज सगळ्यात मोठा. समोरचा माणूस घसा फोडून बोलला तरी बारीक, आणि धरणाऱ्याने उसासा टाकला तरी स्पष्ट. म्हणून आई कुठेही दिसत नाही, एकदा आरशात कोपर दिसलं असेल तेवढंच, पण ऐकू मात्र सगळीकडे येते. हा गुण धरायचा की दोष, तुझं तू ठरव.

आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे तो लाल दिवा. चित्रण चालू झाल्याची खूण कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला. धरणाऱ्याला ती दिसतच नाही, समोरच्यालाच दिसते. आतल्या काचेत बारीक अक्षरं उमटतात म्हणे, पण आईच्या चष्म्याला ती कधी सापडली नाहीत. त्यामुळे प्रत्येक वेळी ती ओरडायची, ‘लाल लागला का?’ आणि आपण ओरडायचो, ‘लागला!’ मग खरं चित्रण सुरू. तू एकदा वात्रटपणा करून दिवा नसताना ‘लागला’ म्हणालास आणि बाबांचं निवृत्तीचं आख्खं भाषण हवेत गेलं. बाबा म्हणाले, बरं झालं, फारसं चांगलं नव्हतंच.

एकूण मत: घेऊ नकोस. आणि तुला कॅमेरा कशाला हवाय? कॅसेटी सगळ्या तुझ्याकडे आहेत. कुठल्याही मशीनवर लावून सुखाने बघत असशील. वाटणीच्या दिवशी तूच ओरडला होतास ना, ‘ते डबडं ठेव तुला, आई माझ्याकडे आहे.’

मामाकडून नंबर मिळवशील म्हणून आधीच सांगते, फोन करू नकोस. इकडची लाइन फार बिघडलेली आहे.

आहे तशीच,
ताई


३० जानेवारी

टिल्लू,

तुझं पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. म्हणजे इतकी वर्षं तूही काहीच पाहिलेलं नाहीस?

मी काय समजत होते सांगू? तुझं घर. मोठा सोफा. तुझी बायको, मांडीवर लेक, तू दिवे बारीक करतोस आणि टीव्हीवर आई सुरू होते. रविवारी भांडी घासताना हे चित्र हमखास डोळ्यांसमोर यायचं, आणि एखादी बशी जरा जोरात आपटली जायची. दोन फुटल्यादेखील. आणि तिकडे तू तीन-तीन मशिनी आणून बघितल्यास, प्रत्येकीवर नुसते आडवे पट्टे आणि खरखर, आणि शेवटी कॅसेटी खोक्यात घालून पलंगाखाली ढकलल्यास. ‘आई माझ्याकडे आहे’ असं ओरडून गेलो होतो, मग कुठल्या तोंडाने सांगणार, असं लिहिलंयस. टिल्लू, तोंड आपल्या दोघांनाही एकाच आईने दिलंय, नको तेव्हा उघडतं आणि हवं तेव्हा मिटतं.

आणि तुझी बायको, लेक वेगळ्या राहतात हे मला आत्ता कळतंय. मामाला तुझं टक्कल कळवावंसं वाटलं, हे नाही.

लेकीने फोनवर विचारलं, ‘बाबा, तुमच्या आईचा आवाज कसा होता?’ आणि तू कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या खोलीत, हातात पाना घेऊन उभा राहिलास. ‘ताई, मला आठवेना.’ त्या ओळीवर मी बराच वेळ हात ठेवून बसले होते. उगाच. शाई थोडीच पुसली जाणार होती.

मग मी उठले आणि कॅमेरा पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेले. बाजारामागच्या गल्लीत एक म्हातारा अजून जुने टीव्ही दुरुस्त करतो. दुकानात बसायला जागा नाही, टीव्हीच्या पाठीच पाठी. एका डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून तो कॅमेऱ्याशीच बोलत होता. मी ‘काय म्हणालात?’ ‘काय म्हणालात?’ करत राहिले, तेव्हा वैतागून त्याने कागद घेतला आणि चित्र काढून समजावलं. आई स्टुलावरून पडली ना, म्हणजे कॅमेरा, तेव्हा त्याच्या आतला कॅसेट लिहिणारा-वाचणारा भाग जरासा तिरका झाला. तेव्हापासून त्याने जे लिहिलं ते तिरकं लिहिलं. दुसऱ्या मशिनी सरळ वाचतात, म्हणून त्यांना काही लागत नाही. हा स्वतःही तिरकंच वाचतो, म्हणून याला स्वतःचं बरोबर लागतं. आपल्या त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं अक्षर फक्त त्यांच्या औषधवाल्याला कळायचं, तसं.

‘सरळ करून देऊ?’ म्हाताऱ्याने लिहून विचारलं, आणि स्क्रू पिळायला लागलासुद्धा. मी कॅमेरा त्याच्या हातातून हिसकावला. त्याला वाटलं बाई खुळी आहे. अरे, सरळ केला असता तर जगात एकही यंत्र उरलं नसतं आपल्याला.

तेव्हा तुझ्या त्या दुकानातला कॅमेरा तिथेच राहू दे. तो कितीही धडधाकट असला तरी आपल्या कामाचा नाही. हा एकच. आणि हा माझ्याकडे आहे. कॅसेटी पाठव, मी बघते आणि काय काय आहे ते तुला सविस्तर कळवते.

ताई

ता. क. जेवतोस ना वेळेवर?


१६ फेब्रुवारी

टिल्लू,

‘कळवते म्हणजे काय? आईचा आवाज पत्रात घालून पाठवणार आहेस का?’ असं तू विचारलंस. बरोबर आहे तुझं. बरोबर आहे म्हणूनच मला राग आला.

तू म्हणतोस कॅमेरा पाठव. मी म्हणते कॅसेटी पाठव. कॅमेरा वाटेत आपटला आणि सरळ झाला तर? असं मी. कॅसेटी उन्हात तापल्या तर? असं तू. परत पहिल्यापासून तेच. मला ती वाटणी डोळ्यांसमोर दिसायला लागली. जेवणाचं टेबल, त्यावर दोन ढीग, पलंगपोस तुला, उशा मला, घड्याळ तुला, इस्त्री मला. सगळं गोडीत झालं आणि शेवटी ती काळी पिशवी उरली. तुझा हात एका पट्ट्यावर, माझा दुसऱ्या. तू म्हणत होतास बाबांनी मला कबूल केला होता. मी म्हणत होते शेवटच्या दिवसांत आईपाशी कोण होतं. मामाला भूक लागलेली. त्याने पिशवीची चेन उघडली, कॅमेरा एका बाजूला, कॅसेटी दुसऱ्या बाजूला, आणि मला म्हणाला, ‘तू थोरली, तू आधी उचल.’ मी कॅमेरा उचलला. कॅमेऱ्याशिवाय तू काय करशील, असं मला वाटलं. तू हसत हसत कॅसेटी उचलल्यास. कॅसेटींशिवाय ही काय करील, असं तुला वाटलं. दोघंही जिंकून घरी गेलो. इतकी हुशार भावंडं दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाहीत.

कारखान्यातलं काय सांगू. लेबलं मोजते, गठ्ठे बांधते. बोलायला कुणी नाही, त्यामुळे डोकं दुखत नाही.

हो, परवा दोनदा फोन आला. मी हॅलो हॅलो केलं, पलीकडून नुसती गुरगुर. लाइन कशी आहे हे तुला लिहिलंच होतं. कुणाचा तरी चुकून लागला असावा. दुसऱ्यांदा मी सरळ सांगितलं, ‘अहो, इथे त्या नावाचं कुणी राहत नाही,’ आणि ठेवून दिला.

विचार करते. तूही कर.

ताई


२१ फेब्रुवारी
(हे टाकणार नाही.)

टिल्लू,

लाइनला काही झालेलं नाही. माझ्या कानांना झालंय.

बाटल्यांचा आवाज तू कधी ऐकला नाहीस. काचेवर काच, काचेवर काच, दिवसभर. सुरुवातीला आम्ही कानात कापूस घालायचो, मग कंटाळलो. घरी आलं तरी डोक्यात बाटल्या चालूच असायच्या. मग त्या थांबल्या, आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही थांबत चाललं. एकदम नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. कुणी बोललं की वाटतं शेजारच्या घरात बोलतायत. आपल्याबद्दल बोलत असले तरी.

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाल्या. मी बटण धरून बसले. बराच वेळ काहीच येईना. मला वाटलं अजून सुरू केलं नाही. मग काचेतून बघितलं तर त्यांचं बोट केव्हापासून चाललं होतं. उजवा कान गेलाच आहे. डावा जातोय. कानात घालायचं यंत्र लावून बघितलं, त्याने गोंगाट मोठा होतो, शब्द होत नाहीत. किती दिवस राहील हे त्या सांगू शकल्या नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवला, आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

बढतीबिढती काही नाही. पट्टा सुरू व्हायची घंटा झाली, सगळ्यांनी हात मागे घेतले, माझा तिथेच. शेजारच्या बाईने कामाच्या कोटाची गळपट्टी धरून मागे ओढलं म्हणून बोटं शाबूत आहेत. दुसऱ्या दिवशी गोदाम. खिडकी आहे हे खरं, तिच्यातून भिंत दिसते. जेवणाच्या सुट्टीत बायका हसल्या की मीही हसायचे, जरा उशिरा. मग त्या माझ्याकडे बघून पुन्हा हसायच्या. आता मी डबा घेऊन खिडकीकडे तोंड करून बसते. एकटं वाटतं का म्हणून कुणी विचारलं तर नाही म्हणेन. पण वाटतं रे. फार वाटतं. गर्दीत बसून वाटतं ते जास्त वाईट.

एवढंच हवं होतं की थोडे शब्द कानात शिल्लक आहेत तोवर आईचे ऐकावेत. म्हणून ‘कॅसेटी पाठव, कॅसेटी पाठव’ चाललं होतं माझं. तुला सांगितलं तर तू दुसऱ्या दिवशी पाठवशील, हे मला माहीत आहे. पण मग तुझं काय? तुला आठवत नाही. तुझ्या लेकीने कधी ऐकलेलाच नाही. तुम्हा दोघांचे कान अजून पुष्कळ चालायचे आहेत. माझ्याकडे कॅसेटी आल्या आणि मला नुसती गुरगुर ऐकू आली तर? सदोष बाटली पट्ट्यावर ठेवत नाहीत, उचलून बाजूला काढतात. मीच आजवर काढत आले.

कॅमेरा तुझ्याकडे जाईल. ठरलं.


२२ फेब्रुवारी

टिल्लू,

जिंकलास. कॅमेरा पाठवते. महिना संपला की एक सुट्टी मिळेल, त्या दिवशी पार्सल करीन. माझ्या दोन्ही जाड शाली त्याला गुंडाळल्या आहेत, त्या परत पाठव, थंडी वाजते.

तार आखूड आहे हे विसरू नकोस, टीव्ही भिंतीजवळ ओढ. कुणालाही स्क्रू लावू देऊ नकोस, तू स्वतःसुद्धा नाही. तुझ्या हातांना उघडायची खाज आहे. लेकीला आधी बाबांच्या दाढीची कॅसेट दाखव, ती मजेशीर आहे.

माझी काळजी नको. मी तिचं सगळं आयुष्यभर ऐकलेलंच आहे, आणखी ऐकून काय नवीन मिळणार?

ताई


१८ मार्च

टिल्लू,

तू घरी सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. या वेळी ‘ताई कशी आहेस’ आधी लिहिलंस आणि मुद्दा नंतर. प्रगती आहे.

सोबत एक जुनं पत्र जोडते आहे, न टाकलेलं. तुला आता त्यातलं सगळं माहीतच आहे, तरी वाच. घरात ठेवून मला ते सारखं उचकटावंसं वाटतं.

तू त्या दिवशी न कळवता आलास तेव्हा मी टेबलापाशी पार्सलला दोरी बांधत होते. तू किती वेळ बेल वाजवलीस ते तू सांगितलंस, मला ठाऊक नव्हतं. मला फक्त दाराखालच्या फटीतून एक कार्ड आत सरकताना दिसलं. पोस्टमन असं करत नाही. उचललं तर तुझं अक्षर. ‘ताई, दार उघड. मी बाहेर आहे.’ दोरी हातात तशीच, दार उघडलं, तर खरंच टक्कल. मामा कधी नव्हे ते खरं बोलला होता.

तू कॅसेटींचं खोकं खाली ठेवलंस, मला खिडकीशी नेऊन उजेडात उभं केलंस आणि सावकाश बोललास. ‘फोन मीच केला होता. लाइन एकदम स्वच्छ होती. मी ताई ताई ओरडतोय, आणि तू म्हणतेस इथे त्या नावाचं कुणी राहत नाही.’ तुझे ओठ मला पूर्ण कळले. असं वाटलं की जमिनीत शिरावं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की चला, आता कुणासमोर तरी उशिरा हसायला नको.

तरी मी हसलेच. सवय. आपण भिंतीला टेकून जमिनीवर बसलो, तू टीव्ही ओढलास, पहिली कॅसेट लागली, आणि पट्टे नाहीत, खरखर नाही, बाबा आपले तोंडाला साबण लावून गॅलरीत उभे. तू हात तोंडावर ठेवलास. मी कान पुढे केला. होती रे ती. आई होती. पण भिंतीपलीकडे असल्यासारखी. नुसतं तिचं वर-खाली होणं येत होतं, शब्द एकही नाही. तू हसलास तेव्हा मी हसले, तू मान हलवलीस तेव्हा मी हलवली. मनात म्हटलं, उशीर झाला, चेहऱ्यावर दाखवायचं नाही.

तू कॅसेट थांबवलीस. कॅमेऱ्याच्या भोकात तुझ्या खिशातली कानात घालून ऐकायची तार घातलीस, तिचं एक बोंड कानात खोचलंस, आणि टीव्हीकडे पाठ करून माझ्या पुढ्यात येऊन बसलास, तोंडावर उजेड घेऊन. मग सुरू केलंस. मिशीवाल्या, आडव्या अंगाच्या माणसाच्या तोंडून आई. ‘अहो, पोट आत घ्या, एवढं मावत नाही यात.’ ‘टिल्लू, नाकातलं बोट काढ, टीव्हीवर दिसेल.’ ‘तो शिंपी बघा, लोकांची बटणं लावतो आणि स्वतःचं तुटलेलं.’ तू नुसतं सांगत नव्हतास, तिच्यासारखी भुवई उडवत होतास. तुला कळलं नसेल. आवाज आठवत नाही म्हणणारा माणूस, आणि भुवई आख्खी आईची. मी मध्येच टीव्ही बघायचं सोडून दिलं आणि तुझ्याकडेच बघत राहिले.

आणि मग ती सायकलची कॅसेट आली. वरून, गॅलरीतून घेतलेली. खाली अंगणात मी, वेण्या घातलेली, फडकं घेऊन सायकल पुसतेय. बाकी कुणी नाही. झूम होत होत माझ्या मानेपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. तू बोलायचा थांबलास. मला वाटलं आई गप्प आहे. पण तू कानातलं बोंड बोटाने आत दाबून धरलं होतंस. मी तुझ्या गुडघ्यावर चापट मारली, ‘काय म्हणाली?’ तू मागे नेलंस, पुन्हा ऐकलंस. पुन्हा मागे नेलंस. मी आणखी एक चापट मारली. मग तू सांगितलंस.

‘ही आमची थोरली. केव्हाची एकटीच सायकल पुसतेय. हाक मारली की चिडते. म्हणून मी इथूनच बघते झालं. तिला नाही कळायचं.’

या कॅमेऱ्याचा तो आवाजाचा दोष होता ना, धरणाऱ्याचा उसासासुद्धा पकडायचा. तो दोष नसता तर हे कुठेच उरलं नसतं. आई तेव्हा स्वतःशी बोलली होती, मी खाली होते, मला त्या दिवशीही ऐकू आलं नव्हतं, आणि तेव्हा तर कान धडधाकट होते. मला आयुष्यभर वाटत आलं की आईचा सगळा जीव तुझ्यात, आणि मी आपली मदतीची. खरंच तसं वाटायचं, आज लपवत नाही. आणि ती वरून बघत उभी होती. मी तुझ्यासमोर जी रडले त्याबद्दल माफी मागणार नाही. तूही काही कमी रडला नाहीस, फक्त मिशी असल्यामुळे तुझं दिसत नाही.

ती काळी पिशवी तू घेऊन गेलास ते चांगलं झालं. कॅमेरा आणि कॅसेटी वाटणीनंतर पहिल्यांदा एका पिशवीत. मामाला कळवलंय की त्याची वाटणी आम्ही मोडली. लेकीला सगळं ऐकव. आणि म्हणालास तसा सुट्टीत तिला घेऊन ये. दार वाजवू नका, कार्ड सरकवा. मी आता दाराकडे तोंड करून बसते.

परवा जेवणाच्या सुट्टीत पट्ट्यावरच्या त्या शेजारच्या बाईला सांगितलं, गळपट्टी ओढणारीला, की मला ऐकू येत नाही, समोर बसून बोल. ती म्हणाली, आम्हाला वाटलं तुला गर्व झालाय. आता माझ्यासमोर बसून जेवते. तोंडात घास असताना बोलते, त्यामुळे निम्मं कळत नाही, पण चालतंय.

एक राहिलं. निघायच्या दिवशी सकाळी तू शेवटच्या कॅसेटीत जागा आहे म्हणून कॅमेरा काढलास. तार आखूड, म्हणून तू भिंतीला चिकटलेला आणि मला दारापर्यंत मागे मागे सरकवलंस. मी पदराने चेहरा पुसत होते, केस नीट करत होते, तेवढ्यात तू कॅमेरा डोळ्याला लावलास. त्याच्या आड तुझं तोंड गेलं. ओठ दिसेनात. तू काहीतरी म्हणालास एवढं तुझ्या हनुवटीवरून कळलं, कानात काही आलं नाही. तू नंतर लेकीबरोबर ती कॅसेट लावशील तेव्हा तुझा आवाज मोठा येईल, धरणारा तू होतास. माझा बारीक येईल. नीट कान देऊन ऐका. तू काय विचारलंस ते मला ऐकू आलेलं नाही, टिल्लू, पण समोरून मला तो दिवा दिसत होता, म्हणून मी म्हटलं, ‘लागला!’

तुझी,
ताई